शेणात राहिलेला इतिहास

आम्ही इन्सुलीहून बोलतोय. सावंतवाडी सोडून बांद्याकडे निघालं की महामार्गालगत आमचं गाव लागतं. गावातल्या बचत गटांचं काम आम्ही बघतो. हप्ते, कर्जाच्या नोंदी, बँकेची कागदपत्रं हे आमचं रोजचं काम. पण आज त्यातलं काही सांगायचं नाही. आज शेणाविषयी बोलायचं आहे. हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

झालं असं, की मिरगाच्या आधी आमच्या गटातल्या एका काकींनी आपली शेवटची गाय विकली. घरात नांगरट आता पॉवर टिलरवर होते. मुलगा गोव्यात कामाला जातो, सून अंगणवाडीत. वैरण कोण आणणार, धार कोण काढणार? हिशेब बरोबरच होता. त्या महिन्याच्या बैठकीला काकी आल्या, हप्ता दिला, सही केली आणि गप्प बसल्या. कोणीतरी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "चाळीस वर्सां शेण काढलंय. आता गोठोच रिकामो. राजाचो इतिहास लिवतत, लढायेचो लिवतत. शेणाचो कोण लिवता काय गो?"

सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. आम्ही बी.ए. झालेल्या. राजे, लढाया, तह, सनावळ्या सगळं पाठ केलं होतं. शेण त्यात कुठेच नव्हतं. मग वाचायला लागलो, ओळखीच्या शिक्षकांना विचारलं. तेव्हा कळलं की शेणाचा इतिहास आहे. तो फार जुना आहे आणि त्यातलं एक मोठं पान आपल्या महाराष्ट्रातच सापडलेलं आहे. तेच आज काकींना आणि तुम्हां सगळ्यांना सांगायचं आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा आहे. बाबा आमट्यांचं आनंदवन जिथे आहे, तेच वरोरा. त्या तालुक्यात पिसदुरा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या शेतांत, तांबड्या मातीत, दगडाचे गोळे मिळतात. कोणी बटाट्याएवढा, कोणी नारळाच्या करवंटीएवढा. काहींवर वळ्या दिसतात, काही एका टोकाला निमुळते. हातात घेतले तर जड लागतात आणि वास कसलाच नाही. पण ते मुळात दगड नव्हेत. ते शेण आहे, दगड झालेलं शेण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचं.

हा आकडा ऐकून आम्हालाही काही उमगलं नव्हतं. मग असा हिशेब केला. शंभर वर्षांत चार पिढ्या धरल्या, आई, आजी, पणजी, खापरपणजी, तर ६ कोटी ६० लाख वर्षांत सव्वीस लाखांवर पिढ्या होतात. अर्थात तेव्हा माणूस नव्हताच. गायही नव्हती. होते ते डायनासोर. त्यातले लांब मानेचे, लांब शेपटीचे, झाडपाला खाणारे प्रचंड प्राणी त्या भागात फिरत होते. पिसदुऱ्याच्या जवळच डोंगरगाव आहे. तिथल्या टेकडीवर १९८० च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या सोहन जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी अशाच एका प्राण्याच्या सांगाड्याचा मोठा भाग उकरून काढला. त्या संस्थेच्या नावावरूनच आज त्याला इसिसॉरस म्हणतात. आपल्या एसटी गाडीपेक्षाही लांब असा प्राणी होता तो.

आता शेण दगड कसं होतं? आपण सारवतो ते शेण चार दिवसांत सुकतं, पावसात पडलं तर वाहून जातं, शेणकिडे त्याची माती करतात. बहुतेक शेणाचं असंच होतं. पण हजारात एखाद्या वेळी ते पडतं आणि लगेच पुराच्या गाळाखाली गाडलं जातं. गाळात हवा नाही, किडा नाही. जमिनीतलं पाणी त्यातून झिरपत राहतं आणि पाण्यात विरघळलेले क्षार शेणाच्या कणाकणात बसतात. आकार तोच राहतो, फक्त आत दगड भरतो. आंब्याच्या फोडीत मीठ मुरतं तसं, पण हे मुरणं फार सावकाश चालतं. हाडाचंही तसंच होतं आणि अंड्याचंही. यालाच जीवाश्म म्हणतात.

मग ते शेणच आहे हे पहिल्यांदा ओळखलं कोणी? इथे एका बाईची गोष्ट सांगायलाच हवी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस नावाचं गाव आहे. आपल्या मालवण-वेंगुर्ल्यासारखं समुद्राकाठचं. १७९९ मध्ये तिथे एका सुताराच्या घरी मेरी अ‍ॅनिंग जन्मली. ती अकरा वर्षांची असताना बाप वारला, डोक्यावर कर्ज ठेवून. हिवाळ्यात वादळी लाटांनी तिथल्या दरडी कोसळायच्या आणि त्यातून दगड झालेले शिंपले बाहेर यायचे. ते वेचून प्रवाशांना विकायचे, हाच त्या घराचा धंदा. मेरी बारा वर्षांची होती तेव्हा तिच्या भावाला एक मोठी कवटी मिळाली आणि बाकीचा सांगाडा मेरीने शोधून काढला. तो समुद्रातल्या एका प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याचा निघाला.

अशा सांगाड्यांच्या पोटाच्या जागी मेरीला काही गोळे दिसायचे. लोक त्यांना औषधी खडे म्हणायचे. मेरीने ते फोडून बघितले. आत माशांची हाडं आणि खवले. म्हणजे हे प्राण्याने खाल्लेलं, पचवलेलं अन्न. तिच्या या निरीक्षणाच्या आधारावर १८२९ मध्ये विल्यम बकलंड या प्राध्यापकांनी त्या गोळ्यांना ग्रीक भाषेतून नाव दिलं, त्याचा अर्थ शेणदगड. मेरीचं शालेय शिक्षण नावालाच झालेलं. लंडनची भूगर्भशास्त्राची संस्था त्या काळी बायकांना सभासद करून घेत नव्हती. तिने शोधलेल्या वस्तूंवर पुरुष निबंध वाचायचे, ती मात्र किनाऱ्यावर दगड फोडत राहिली. आज जगभर तिचं नाव आदराने घेतात. पण ते तिला बघायला मिळालं नाही. १८४७ मध्ये ती गेली.

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज तुम्ही ऐकलं असेल. ज्यांच्या नावाचं ते कॉलेज, ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडहून आलेले धर्मोपदेशक. १८४५ मध्ये ते नागपुरात आले. शाळा चालवायची, गोंड लोकांच्या भाषा नि चालीरीती लिहून घ्यायच्या आणि जाता-येता दगड गोळा करायचे, असं त्यांचं चाललेलं असे. पिसदुऱ्याच्या शेतातले जीवाश्म त्यांच्यामुळे जगाला कळले. १८६३ मध्ये टाकळघाटजवळची जुनी दगडी वर्तुळं बघून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते वाहून गेले. आपल्याकडे पावसाळ्यात व्हाळ कसा अचानक चढतो, ते आपल्याला सांगायला नको.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. १९३९ मध्ये चार्ल्स मॅटली यांनी पिसदुऱ्याच्या शेणदगडांवर लेख लिहिला. त्यांनी आकारावरून त्यांचे प्रकार पाडले, लहान-मोठे वेगळे केले. पण आत काय आहे ते उलगडायचं राहूनच गेलं. नमुने जपून ठेवलेले होते. कोणीतरी नवा प्रश्न घेऊन यायला हवं होतं.

तो प्रश्न ज्या संस्थेतून पुढे आला, तिचीही गोष्ट ऐका. लखनौला बिरबल सहानी यांच्या नावाची संस्था आहे. प्राचीन वनस्पतींचा, म्हणजे दगड झालेली पानं, लाकडं, परागकण यांचा तिथे अभ्यास होतो. १९४९ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिच्या इमारतीची पायाभरणी झाली आणि आठवडाभरातच सहानी वारले. इमारत उभी नाही, माणूस गेलेला. तेव्हा त्यांच्या पत्नी सावित्री सहानी यांनी संस्थेची धुरा खांद्यावर घेतली आणि ती उभी केली. गट चालवणाऱ्या बायकांना यातलं कष्टाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. अध्यक्ष आजारी पडली तर दोन महिन्यांत गट कसा विस्कटतो, ते आपण बघितलेलं आहे.

त्याच संस्थेतल्या वंदना प्रसाद या संशोधक बाईंनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर पिसदुऱ्याचे शेणदगड तपासले. त्यांच्याबरोबर अशोक सहानी, हबीब अलीमोहम्मदियन आणि स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग या बाई होत्या. त्यांनी काय केलं? शेणदगडाचा तुकडा घेतला, बारीक केला, रसायनं घालून नको ते विरघळवून टाकलं आणि उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आपण तांदूळ पाखडतो, मग धुतो, मग खडे वेचतो, तसंच एकातून एक वेगळं करत जायचं. फक्त इथे खडाच हवा होता.

तो खडा कुठला? मैत्रिणींनो, लावणीच्या वेळी भाताची पात बोटाला कापते ना? गवत कापताना हातावर बारीक रेघा उठतात ना? त्याचं कारण त्या पातीत काचेसारखे कण असतात. गवताची मुळं जमिनीतल्या पाण्यातून सिलिका शोषतात. वाळूत असते तीच ही सिलिका. पानाच्या पेशीत ती साठते आणि कडक होते. भाताच्या तुसात तर ती फारच. तूस जाळलं तर त्याच्या वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा राख उरते आणि त्या राखेत बहुतेक सिलिकाच असते. तुसाच्या राखेने घासलेलं भांडं लखलखतं ते याचमुळे. आपल्या आज्यांना सिलिका हे नाव माहीत नव्हतं, पण कुठल्या राखेने भांडं निघतं ते पक्कं माहीत होतं.

हे कण पान कुजलं तरी कुजत नाहीत. जनावराच्या पोटातून गेले तरी पचत नाहीत. शेणात तसेच राहतात. आणि गवताच्या प्रत्येक घराण्याचे कण वेगळ्या आकाराचे असतात, कुठे डमरूसारखे, कुठे खोगिरासारखे. त्यामुळे नुसते कण बघून जाणकार सांगू शकतो की हे कुठल्या गवताचे.

वंदना प्रसाद यांना पिसदुऱ्याच्या शेणात गवताचे कण मिळाले. एक-दोन नव्हे, किमान पाच प्रकारच्या गवतांचे. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये 'सायन्स' या नावाजलेल्या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं आणि जगभरचे अभ्यासक चकित झाले. का? कारण डायनासोरांच्या काळात गवत असं वैविध्याने होतं, असं कोणी मानतच नव्हतं. चित्रांतसुद्धा त्यांच्या पायाखाली नेचे आणि शेवाळ काढायचे, गवत काढलं तर ती चूक मानायचे. चंद्रपूरच्या शेतातल्या शेणाने ती समजूत बदलली.

आणि त्यातली आपल्याला सगळ्यात जवळची गोष्ट पुढेच आहे. त्या कणांत भाताच्या घराण्याशी नातं सांगणारेही कण होते. २०११ मध्ये वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी यावर वेगळा लेख लिहिला आणि भाताचं घराणं डायनासोरांच्या काळातच वेगळं झालं होतं, असं दाखवलं. इथे घोटाळा करून घ्यायचा नाही. डायनासोर आपला उकडा तांदूळ खात नव्हते. शेतातलं भात माणसाने रानटी भातापासून निवडत निवडत घडवलं, ते अलीकडच्या काही हजार वर्षांत. पाणथळीत आपोआप उगवणारा देवभात तुमच्यातल्या कोणी बघितला असेल. ऋषिपंचमीला नांगराविना आलेलं धान्य खायचं, ही रीत आपण पाळतो. त्या रानटी भाताचे फार फार जुने पूर्वज पिसदुऱ्याच्या तळ्याकाठी उगवत होते, एवढंच यातून कळतं. आणि गवत हे त्या डायनासोरांचं मुख्य खाणं नव्हतं. शेणात माडाच्या जातीच्या, सूचिपर्णी आणि इतर झाडांचे अंशही मिळाले. गवत हे अधूनमधूनचं तोंडी लावणं.

त्याच शेणदगडांत आणखी एका अभ्यासात पानांवरच्या बुरशीचेही अंश मिळाले. आंब्याच्या मोहरावर करपा येतो, तो ज्या गटातल्या बुरशीने येतो, त्याच गटातल्या बुरशीचे बीजाणू त्यात ओळखले गेले. म्हणजे करपा माणसाच्याही आधीपासून पानं खातो आहे. नागपूर विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागातल्या बंदना सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही या भागातल्या शेणदगडांतले परागकण आणि सूक्ष्म जीव तपासले आहेत. इतक्या बायका या शेणाच्या मागे लागल्या, हे वाचून आम्हाला फार बरं वाटलं.

पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळं सांगितलं. मग प्रश्नांचा पाऊसच पडला. त्यातले काही इथे सांगतो.

पहिला प्रश्न रोखठोक होता. "ह्यां खरां कशावरून? शेणार नाव लिवलेला आसता काय?" बरोबर विचारलं. प्राणी शेण टाकतो, नाव लिहून जात नाही. शास्त्रज्ञ अंदाजच करतात, पण तो पुरावा जोडून करतात. शेणदगड ज्या थरात मिळाले त्याच थरात मोठ्या शाकाहारी डायनासोरांची हाडं मिळाली. आत झाडपाल्याचे अंश मिळाले. गोळे मोठे आहेत. म्हणून मोठे गोळे त्यांचे असावेत, असं म्हणतात. दोडामार्गाकडे हत्ती येऊन गेल्यावर तिथले शेतकरी काय करतात? पायाचा ठसा बघतात, लीद बघतात, लिदीत केळीचे तंतू आहेत की बांबूचे ते बघतात. हत्ती समोर नसतो, तरी किती मोठा होता, काय खाऊन गेला, ते सांगतात. तसंच हे.

दुसरा प्रश्न त्यातूनच आला. हत्तीच्या लिदीत काड्या तशाच दिसतात आणि गाईचं शेण मऊ कसं? गाय रवंथ करते. तिच्या पोटाला चार कप्पे आहेत. आधी भराभर गिळते, मग सावकाश बसून तोंडात परत आणून दळते. पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव असतात, ते गवत कुजवून तिला अन्न करून देतात. हत्तीला ही सोय नाही, तो रवंथ करत नाही. म्हणून त्याच्या लिदीत खाल्लेल्यातलं बरंच तसंच बाहेर पडतं. आणि लांब मानेच्या डायनासोरांच्या तोंडात तर दळायच्या दाढाही नव्हत्या. पाला ओरबाडायचा आणि गिळायचा. आपण गाईच्या शेणाने जमीन सारवतो, हत्तीच्या लिदीने नाही. यामागे गाईच्या पोटाचे चार कप्पे आहेत.

तिसरा प्रश्न गाय विकलेल्या काकींचाच. "गायीक वरचे दात कित्याक नाय?" गाईच्या तोंडात खालच्या जबड्यात पुढे आठ दात असतात, वर पुढच्या बाजूला एकही नाही. तिथे कडक गादीसारखी हिरडी असते. ती जिभेने गवताचा जुडगा ओढते, खालचे दात वरच्या गादीवर दाबते आणि झटका देऊन तोडते. म्हैस, शेळी, गवा, सांबर सगळ्यांचं हेच. मागच्या दाढा मात्र वर-खाली दोन्हीकडे आहेत, त्याही उंच आणि कंगोऱ्यांच्या. उंच का, तर मघाशी सांगितलेले काचेचे कण. गवत आणि त्याला लागलेली माती रोज दळताना दाढ झिजते. ज्या जनावरांची दाढ उंच, ती जास्त वर्षं चरू शकली, जास्त वासरं देऊ शकली. पिढ्यान्‌पिढ्या हे चालून गवत खाणाऱ्या जनावरांच्या दाढा उंच झाल्या. यालाच उत्क्रांती म्हणतात. कोणी ठरवून केलेलं नाही. जे टिकलं त्याचा वंश वाढला, एवढंच. बाजारात बैल घेताना पुरुष तोंड उघडून दोन दाती, चार दाती, जुळलेला असं वय सांगतात. ते दात उगवण्याचं आणि झिजण्याचं गणित आहे.

चौथा प्रश्न कोंबड्या पाळणाऱ्या ताईंचा. कोंबडी डायनासोरची कोण? लांब मानेच्या त्या शाकाहारी डायनासोरांची ती दूरची भावकी. पण दोन पायांवर धावणाऱ्या, मांस खाणाऱ्या डायनासोरांच्या एका शाखेतूनच पक्षी आले, असं आज बहुतेक सगळे अभ्यासक मानतात. कोंबडीचे पाय नीट बघा, खवले आहेत. दात नाहीत म्हणून ती खडे गिळते. कोंबडी साफ करताना जाड स्नायूची पिशवी आपण चिरतो, आत वाळू नि खडे मिळतात. तोच तिचा घरचा जाता.

पाचवा प्रश्न तर येणारच होता. "आमच्या चिरेखाणीत तसली हाडां गावतली काय?" याचं उत्तर नाही असंच आहे, आणि का ते समजून घेऊ. चिरा म्हणजे जांभा. तो खडक ऊन-पावसाने मूळ खडक कुजून तयार होतो. लाखो पावसाळ्यांचं पाणी त्यातून झिरपतं आणि विरघळणारं सगळं घेऊन जातं, लोह मागे राहतं म्हणून तो तांबडा. हाड असलंच तरी त्यात टिकणार नाही. त्याखाली आपल्या दक्षिण सिंधुदुर्गात रेडीच्या लोहखनिजासारखे खडक आहेत. ते इतके जुने की तेव्हा हाडं असलेला प्राणीच जन्माला आला नव्हता. आंबोलीचा घाट काळ्या दगडाचा, तो तर ज्वालामुखीच्या लाव्हाचा. पिसदुऱ्याला हाडं टिकली, कारण तिथे तळ्या-नद्यांचा गाळ साठला आणि नंतर त्यावर लाव्हाचे थर आले. मात्र आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात काही ठिकाणी जांभ्याखाली चिकणमाती आणि दगडी कोळशासारख्या लिग्नाइटचे थर मिळतात. त्यात फार जुन्या रानाचे परागकण सापडले आहेत. त्यामुळे विहीर खणताना काळी लाकडासारखी माती निघाली तर फेकण्याआधी शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना एकदा दाखवा.

कारण ओळख नसली की मोठा ठेवाही साधा वाटतो. गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रायोली गावात डायनासोरांची अंडी आणि हाडं मिळतात. तिथल्या जुन्या संस्थानाच्या घराण्यातल्या आलिया सुलताना बाबी ती जागा राखण्यासाठी झटतात. गावातली एक म्हातारी दगड झालेलं अंडं मसाला वाटायला वापरत होती, असं त्या सांगतात. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावी लोक गोल दगडांना काकड भैरव म्हणून पूजत होते. शेताची आणि जनावरांची तो राखण करतो, अशी श्रद्धा. २०२३ च्या डिसेंबरमध्ये बातमी आली की ती डायनासोरची अंडी आहेत. आपल्याकडे जसा राखणदार, तसाच तिकडचा भैरव. आम्हाला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. कळलं नव्हतं, तरी त्या लोकांनी ते दगड पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. म्हणूनच तपासणाऱ्यांना ते मिळाले.

आता शेवटी काकींकडे येतो. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या लखनौच्या बायेक शेण फोडताना किळस नाय इली?" आम्ही म्हटलं, दगड झाल्यावर कसली किळस! त्यावर काकी म्हणाल्या, "दगड नाय झालला तरी कसली? शेणाची किळस करणाऱ्याक भात खंयसून मिळतला?"

त्या दिवशी काकी बराच वेळ बोलत होत्या. आपल्या गाईला कुठलं गवत आवडायचं, कुठलं खाल्लं की पोट फुगायचं, कुठल्या गवताने शेण चिकट होतं आणि सारवण टिकतं, कुठल्याने भुसभुशीत. वीसेक गवतांची नावं त्यांनी सांगितली. आमच्यातल्या तरुण मुलींना त्यातली चारही ओळखता आली नाहीत. आम्हालाही नाही. तेव्हा लक्षात आलं, की गोठा रिकामा झाला म्हणजे एक जनावर गेलं एवढंच होत नाही. ते जनावर पाळताना कळलेलं सगळंच त्याच्याबरोबर जायला लागतं. पिसदुऱ्याच्या शेणाला गाळाने झाकून ठेवलं. काकींच्या माहितीला झाकायला कुठला गाळ येणार आहे? ती आपणच लिहून ठेवायची.

म्हणून आमच्या गटाने असं केलंय. बैठकीच्या वहीत मागची काही पानं राखून ठेवली आहेत. दर महिन्याला एका जुन्या जाणत्या बाईने गवत, गुरं, शेण, बियाणं यातलं जे माहीत असेल ते सांगायचं आणि मुलींनी ते तसंच, आपल्या बोलीत, लिहून घ्यायचं. कोणी सांगितलं आणि कधी, हेही लिहायचं. शक्य असेल तिथे गवताची काडी वाळवून पानाला चिकटवायची. पहिल्या पानावर काकींची गवतं आहेत.

तुमच्या गटातही असं करून बघा. ज्यांच्या घरी अजून गाय-म्हैस आहे, त्यांनी एकदा तिच्या तोंडात खालचे दात मोजून बघा, मुलांनाही दाखवा. तुसाची राख आणि लाकडाची राख दोन भांड्यांवर घासून फरक बघा. काय दिसलं ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी तुमचे प्रश्न घेऊन पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.